घरात महिन्याला किती येतात?

२०२५ च्या जुलैमध्ये एक बातमी आमच्या सगळ्या ग्रुपवर फिरली, भारत हा जगातला चौथ्या नंबरचा समतेचा देश झाला म्हणून. पुढे स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया, बेलारूस आणि मग आपण. आकडा जागतिक बँकेचा, गिनी निर्देशांक २५.५. (गिनी शून्य असेल तर सगळ्यांना सारखं आणि शंभर असेल तर सगळं एकाच घरात, बाकी सगळे देश या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतात.) कोणी टाळ्या पाठवल्या, कोणी चिडून उत्तरं दिली, दोन दिवसांत विषय संपला. मला मात्र तो सोडेना, कारण त्याच्या वर्षभर आधी, मार्च २०२४ मध्ये, वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबचा (विषमतेवर काम करणारी संशोधन संस्था) पेपर आला होता आणि त्यात म्हटलं होतं की २०२२-२३ साली देशाच्या एकूण उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे गेला आणि संपत्तीतला ४०.१ टक्के. १९२२ पासूनच्या नोंदी त्यांनी लावल्यात, आणि उत्पन्नातला इतका मोठा वाटा त्या शंभर वर्षांत वरच्यांकडे कधीच गेला नव्हता, इंग्रजांच्या राज्यात, संस्थानिकांच्या काळातसुद्धा नाही.

देश एकच, वर्षंही साधारण तीच, आणि एक जण म्हणतो आपण जगात सगळ्यात समान असणाऱ्यांपैकी, दुसरा म्हणतो शंभर वर्षांत सगळ्यात असमान. मग खोटं कोण बोलतंय? मी बरेच दिवस हे वाचत बसले. अर्थशास्त्र शिकवते त्यामुळे वाचणं भागही होतं, पण खरं सांगायचं तर नोकरीसाठी नाही, मला स्वतःलाच हे कळायला हवं होतं. आणि उत्तर असं निघालं की खोटं कोणीच बोलत नाहीये. एकाने विचारलं तुम्ही खर्च किती करता, दुसऱ्याने शोधलं तुम्ही कमावता किती. जागतिक बँकेच्या ज्या टिपणात २५.५ हा आकडा आहे त्यातच जरा खाली लिहिलंय की हा खर्चावरचा आकडा आहे, विषमता त्यात कमी दिसत असण्याची शक्यता आहे, आणि उत्पन्नावर काढलेला गिनी २००४ मध्ये ५२ होता तो २०२३ मध्ये ६२ वर गेलाय. ग्रुपवर फिरलेल्या बातमीत हे वाक्य नव्हतं.

आपल्याकडे गरिबीवर, विषमतेवर जे काही बोललं जातं ते जवळजवळ सगळं खर्चाच्या सर्व्हेवर उभं आहे. सरकारच्या नॅशनल सॅम्पल सर्व्हेचे लोक घरोघरी जातात आणि विचारतात की तांदूळ किती आणला, तेल किती, चहापत्ती, साबण, मोबाईल रिचार्ज, एसटीचं भाडं, दवाखाना. त्यावरून माणशी महिन्याचा खर्च निघतो. २०२३-२४ मध्ये तो खेड्यात ४,१२२ रुपये आणि शहरात ६,९९६ रुपये निघाला (रेशनचं फुकट धान्य वगैरे न धरता), २०११-१२ मध्ये हेच आकडे १,४३० आणि २,६३० होते. आता शहरातल्या सगळ्यात वरच्या पाच टक्क्यांचा खर्च बघा, माणशी २०,३१० रुपये. चौघांचं घर धरलं तर ऐंशी हजार. पुण्या-मुंबईत राहणारा कोणीही सांगेल की वरचे पाच टक्के म्हणजे ऐंशी हजारांत घर चालवणारे नव्हेत, किंवा चालवत असतील तर त्यांचा खरा पैसा या ऐंशी हजारांत नाहीच आहे, तो दुसरीकडे आहे. फ्लॅटचा हप्ता खर्चात धरत नाहीत. प्लॉट घेतला, शेअर घेतले, एसआयपी चालू आहे, पोराच्या नावाने एफडी केली, हे काहीच त्यात येत नाही. गरिबाच्या घरात जेवढं येतं तेवढं खर्च होतं, कधी जास्तच होतं, म्हणून खर्च विचारला की त्याचं अख्खं आयुष्य कागदावर येतं. श्रीमंताचं फक्त किराण्याचं बिल येतं.

मग थेट उत्पन्नच का नाही विचारत? विचारून झालंय. १९५८-५९, १९६४-६५, १९६९-७० अशा फेऱ्यांमध्ये प्रयोग म्हणून उत्पन्नाचे प्रश्न घातले होते आणि झालं असं की लोकांनी सांगितलेलं उत्पन्न त्यांच्याच खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षा कमी भरलं. १९८३-८४ मध्ये परत एकदा चाचपणी झाली आणि तीही तिथेच थांबली. शेतकरी कुटुंबांचं वेगळं मोजलं गेलं, नाबार्डने गावांतलं मोजलं, पण सरकारने सगळ्या देशातल्या सगळ्या थरांच्या घरांना बसवून "तुम्हाला मिळतात किती" असं कधी नीट मोजलंच नाही.

लोक लपवतात म्हणून, असं यावर सरसकट म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. लपवणारे लपवतात, त्यांच्याकडे येतेच. पण या देशातल्या निम्म्याहून जास्त घरांना हा प्रश्न विचारला तर त्यांच्याकडे लपवण्यासारखं उत्तरच नसतं. म्हणजे आकडाच नसतो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, दरवर्षी बघते.

आमचं कॉलेज मराठवाड्यात, तालुक्याच्या गावी. महाडीबीटीचे, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवरचे, स्कॉलरशिपचे फॉर्म सुरू झाले की आम्हा चार-पाच जणांकडे ते काम असतं. पोरं आधार, बँकेचं पासबुक, मार्कमेमो, टीसी आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन येतात, पोर्टल चालत नाही, ओटीपी येत नाही, संध्याकाळपर्यंत रांग. एका मुलीच्या फॉर्ममध्ये काहीतरी अडलं म्हणून तिची आई आली होती, शांत बाई, हातात कापडी पिशवी. पोर्टल बंद पडलं होतं आणि आम्हाला दोघींना वेळच वेळ होता, तर मी सहज विचारलं की ताई, घरात महिन्याला किती येतात. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "महिन्याला असं काय नसतंय मॅडम. आलं की जातंय." मग म्हटलं वर्षाचं सांगा. त्यांनी वर्ष सांगितलं पण ते एप्रिल ते मार्च नव्हतं, पंचमीपासून सुरू झालेलं होतं.

दोन एकर कोरडवाहू, सोयाबीन. त्या साली अकरा क्विंटल झालं आणि ४,१०० ने गेलं. सरकारी हमीभाव त्या हंगामाला ४,८९२ होता पण खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत थांबायला घरात जागा नाही आणि दुकानदाराची उधारी डोक्यावर, म्हणून सरळ आडतीला नेलं. पंचेचाळीस हजार आले. बियाणं, खत, दोन फवारण्या, काढणीचं एकरी गुत्तं, मळणी यंत्राचं भाडं, टेम्पो, हे सगळं वजा जाता पंधराएक हजार उरले, त्यात त्यांच्या स्वतःच्या आणि नवऱ्याच्या चार महिन्यांच्या राबण्याचा एक रुपया धरलेला नाही. पोळ्याच्या आसपास मुकादमाकडून, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणाऱ्याकडून, उचल घेतली, मजुरीचे आगाऊ पैसे, जोडीला एक लाख. दिवाळी झाली की कोयता, म्हणजे नवरा-बायको दोघं, कारखान्यावर. टनाला ३६६ रुपये, २०२४ च्या जानेवारीत वाढवून मिळालेला दर, आधी तो २७३ होता. सीझन संपता संपता हिशोब झाला तर फिटले साधारण पंच्याऐंशी हजार, राहिलेले अंगावर, पुढच्या साली त्याच मुकादमाकडे.

आता मला सांगा, यात उत्पन्न किती? लाख रुपये हातात आले ते उत्पन्न की कर्ज? ते तर पोळ्याला आले आणि थोरलीच्या बाळंतपणात आणि घरावर पत्रे टाकण्यात दिवाळीच्या आत संपलेसुद्धा. ज्या पाच महिन्यांत त्या ऊस तोडत होत्या त्या पाच महिन्यांत घरात आलं शून्य, कारण ते आधीच येऊन गेलेलं. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून रोजचा किराणा निघाला, ते कोणी कुठे लिहीत नाही. दोन शेळ्या विकल्या, एक नऊ हजारांना, एक सात. हे उत्पन्न की होती ती मालमत्ता मोडली? उन्हाळ्यात काहीच नाही. पावसाळ्यात खुरपणीला तीनशे रुपये रोज, पण तोही पाऊस नीट पडला तर. पीएम किसानचे सहा हजार, राज्याच्या नमो योजनेचे सहा, लाडकी बहीणचे महिन्याला पंधराशे. रेशनवर पाच माणसांचं पंचवीस किलो धान्य फुकट.

मी कागदावर बेरीज केली तर शेळ्या धरून लाख साठ हजारांच्या आसपास गेली. बाराने भागलं तर तेरा हजार आणि काहीतरी, माणशी अडीच हजारांच्या जरा वर. त्यांना सांगितलं तर त्यांना ते खरंच वाटलं नाही, म्हणाल्या एवढे असते तर मग काय पाहिजे होतं. आणि त्यांचं बरोबर होतं, कारण ते तेरा हजार कधी एका महिन्यात त्यांच्या हातात आलेलेच नाहीत. येणं वर्षातून तीन-चारदा आणि तेही आधी कुणाचं तरी देणं लागून, आणि जाणं मात्र दर आठवड्याला, बचत गटाचा हप्ता, मायक्रोफायनान्सचा हप्ता, किराणा. महिन्याचं असं त्या घरात एकच काहीतरी होतं, ते म्हणजे लाडकी बहीणचे पंधराशे, आणि त्या पैशाबद्दल त्या जितक्या आपुलकीने बोलल्या तितक्या सोयाबीनबद्दल नाही बोलल्या. या योजनेवर शहरातले लोक काहीही म्हणोत, आयुष्यात पहिल्यांदा ठरल्या रकमेचे पैसे आपल्या स्वतःच्या खात्यावर येणं म्हणजे काय, ते ज्यांना दर एक तारखेला पगार येतो त्यांना कळणं अवघड आहे. मलाही ते त्या दिवशीच नीट कळलं.

ही एकच बाई आहे असं नाही. २०१९ च्या सरकारी पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी महिन्याचं उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं होतं, आणि त्यात पिकापासून ३,७९८ आणि मजुरीपासून ४,०६३. शेतकऱ्याच्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त येतो! सहा-सात वर्षं आधीच्या तशाच पाहणीत निम्म्याच्या जवळपास उत्पन्न पिकाचं होतं. हा बदल मला फार मोठा वाटतो, आणि त्यावर आपल्याकडे जितकं बोलायला हवं त्याच्या शंभरावा हिस्साही बोलणं होत नाही. सातबाऱ्यावर नाव शेतकरी म्हणून आहे पण घर चालतंय मजुरीवर, चाकणला कंत्राटी पद्धतीवर गेलेल्या पोरावर, आणि खात्यावर येणाऱ्या सरकारी पैशांवर.

आणि मग दाखला. त्यांच्या हातातल्या दाखल्यावर वार्षिक उत्पन्न अठ्ठेचाळीस हजार होतं. एसईबीसी, ओबीसी, एससी, ईडब्ल्यूएस, कुठल्याही पोराचा दाखला बघा, आकडे असेच असतात, छत्तीस, चाळीस, अठ्ठेचाळीस, साठ हजार. आपल्या राज्यात उत्पन्नाचा आकडा हा कशासाठी पाहिजे त्यावर ठरतो. अन्न सुरक्षेच्या रेशनसाठी खेड्यात ४४ हजारांच्या आत आणि शहरात ५९ हजारांच्या आत पाहिजे. पिवळं कार्ड १५ हजारांच्या आत, केशरी एक लाखापर्यंत, त्यावर पांढरं, आणि या मर्यादा १९९९ साली तिरंगी कार्डं आली तेव्हाच्या आहेत. लाडकी बहीणला अडीच लाख, एससीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाख, नॉन क्रीमी लेयरला आठ लाख, राजर्षी शाहू शिष्यवृत्तीला आठ लाख. त्यामुळे त्याच एका घरात एका कपाटात तीन-चार कागदांवर तीन-चार उत्पन्नं असतात. ज्याने पंधरा हजारांची मर्यादा पंचवीस वर्षं तशीच ठेवली त्याने लोकांना कागदावर गरीब राहायला भाग पाडलं असं मी म्हणेन. वर्षाला पंधरा हजार म्हणजे दिवसाला एक्केचाळीस रुपये अख्ख्या कुटुंबाचे. खरं सांगितलं तर पोराची फी जाते, धान्य जातं, म्हणून माणूस खरं सांगत नाही, आणि मग सर्व्हेवाला दारात आला की त्यालाही तो आकडा दाखल्याचाच सांगतो, कारण त्याला वाटतं हा पण सरकारचाच माणूस, उद्या कार्ड कापेल. त्या बाईने मला खरं सांगितलं ते फक्त पोर्टल बंद होतं म्हणून आणि मी काही लिहून वर पाठवणार नव्हते म्हणून.

गरिबी कमी झाली का? हो, झाली, आणि हे मोकळेपणाने म्हणायला पाहिजे. माझ्या लहानपणी आमच्या गावात ज्या घरांमध्ये एक वेळ चूल पेटायची नाही त्या घरांत आज गॅस आहे, वीज आहे, पोरी कॉलेजात येतात, पायात चप्पल नाही असं पोर दिसत नाही. आकडेही तेच सांगतात. जागतिक बँकेच्या नव्या तीन डॉलरच्या दारिद्र्यरेषेखाली (आपल्या हिशोबाने दिवसाला साठ-बासष्ट रुपये) २०११-१२ मध्ये २७.१ टक्के लोक होते, २०२२-२३ मध्ये ५.३ टक्के. नीती आयोगाचा बहुआयामी निर्देशांक, ज्यात शाळा, पोषण, संडास, पाणी, बँक खातं वगैरे बघतात, तो २०१३-१४ मध्ये २९.१७ टक्के होता तो ११.२८ वर आला. खेड्यातल्या घरातला अन्नावरचा खर्च निम्म्याच्या खाली आला, याचा अर्थ पोट भरून दुसऱ्या कशाला तरी पैसे उरतायत. हे खोटं ठरवण्यात मला काही अर्थ वाटत नाही, ज्यांनी भूक पाहिलीय त्यांना विचारा. पण रेषा जरा वर सरकवली, ४.२० डॉलरवर नेली, की त्याच २०२२-२३ मध्ये जवळपास चौथा हिस्सा देश तिच्या खाली येतो. म्हणजे कोट्यवधी माणसं रेषेच्या लगेच वर उभी आहेत, एक मोठं आजारपण, एक लग्न, एक कोरडं वर्ष आलं की खाली. ऐंशी कोटींच्या वर लोकांना जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षं फुकट धान्य द्यायचं सरकारने ठरवलं ते काही उगाच नाही.

दारिद्र्यरेषेचा इतिहास आपल्या पुण्यातूनच जातो हे आमच्या पोरांना सांगितलं की त्यांना नवल वाटतं. १९७१ मध्ये गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 'भारतातील दारिद्र्य' हा अभ्यास मांडला. माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक मिळायला किती पैसे लागतात ते त्यांनी काढलं, १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस, आणि तेवढंही नसलेले खेड्यात ४० टक्के आणि शहरात ५० टक्के निघाले. त्यानंतर लकडावाला समिती झाली, २००९ मध्ये सुरेश तेंडुलकरांच्या समितीचा अहवाल आला, मग ते ३२ रुपयांचं प्रकरण, नियोजन आयोगाने २०११ मध्ये सुप्रीम कोर्टात सांगितलं की शहरात दिवसाला ३२ आणि खेड्यात २६ रुपये खर्च करणारा गरीब नाही आणि देशभर ओरडा झाला. मग २०१४ मध्ये रंगराजन समितीने रेषा वर नेली, २०११-१२ साठी तेंडुलकरांच्या हिशोबाने २१.९ टक्के गरीब होते ते यांच्या हिशोबाने २९.५ झाले. आणि तिथून पुढे सरकारने रेषाच आखलेली नाही. इतक्या वर्षांत अधिकृत रेषा नाही.

दांडेकर-रथांचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते मोजणीच्या पुढचं. त्यांनी गरीब मोजले आणि तिथे थांबले नाहीत, पैसा कुठून आणायचा तेही सांगितलं. वरच्या थरातल्यांनी आपल्या खर्चाला थोडी कात्री लावावी आणि त्या पैशातून खेड्यात काम काढावं, रस्ते, बंधारे, पाझर तलाव. आणि महाराष्ट्राने त्याच सुमारास जवळजवळ तसंच केलं. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ पासून तासगावात प्रयोग केला होता, ७२ च्या दुष्काळात लाखो लोक कामावर आले, खडी फोडायला, नाले बांधायला, सुकडी, म्हणजे मजुरांना द्यायचं कोरडं खाणं, वाटली गेली, आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, तो १९७९ च्या २६ जानेवारीपासून लागू झाला. आणि पैसा? माझ्या पगारपत्रकात दर महिन्याला २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. प्रोफेशनल टॅक्स. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून थोडं काढून खेड्यातल्या मजुराला काम द्यायचं म्हणून १९७५ मध्ये हा कर आला. आमच्या स्टाफरूममध्ये मी हे एकदा सांगितलं तर बऱ्याच जणांना माहीतच नव्हतं, सगळ्यांना वाटायचं कापतात काहीतरी. मला ते दोनशे रुपये कापले जातात त्याचा अभिमान वाटतो, आणि इतक्या वर्षांत ते अडीच हजारांवरच अडकलेत याचं वाईट वाटतं. ज्याचा पगार महिना पाच लाख आहे तोही अडीच हजारच भरतो.

स्टाफरूमचा विषय निघालाच आहे तर तिथलंच सांगते. आम्ही एकाच टेबलावर डबा खातो. मी कायम, सातव्या वेतन आयोगाचा पगार, महिना ठरलेला, एक-दोन दिवस इकडे तिकडे. माझ्या शेजारी बसणारा सहकारी पीएचडी आहे, नेट आहे, माझ्याइतकेच तास घेतो, बहुतेक माझ्यापेक्षा चांगले घेतो, आणि तो तासिका तत्त्वावर. त्याचं मानधन तासाच्या हिशोबाने, सुट्टीचे नाही, परीक्षेच्या काळातले नाही, आणि सत्राचे पैसे कित्येकदा सत्र संपल्यावर काही महिन्यांनी. वर्षाचं मोजलं तर तो आणि मी यांच्यात कितीतरी पटींचा फरक आहे, एकाच कामाला. पण खर्चाचा सर्व्हे आमच्या दोघांच्या घरी आला तर? भाजी तीच, दूध तेच, मुलांच्या ट्युशनच्या फीत थोडा फरक. तो उधारीवर भागवतो, बायको शिवणकाम करते, सासऱ्यांनी मदत केली. त्या सर्व्हेत आम्ही दोघं बऱ्यापैकी समान दिसू. आणि दहा वर्षांनी माझ्याकडे घर असेल, एफडी असेल, त्याच्याकडे देणं असेल. विषमता स्वयंपाकघरात दिसत नाही हो, ती पासबुकात असते.

वरच्या टोकाचं तर बोलायलाच नको. सर्व्हेवाल्यांनाही ते कळतं, म्हणून २०२२-२३ पासून शहरात घरं निवडताना ज्यांच्याकडे दहा लाखांच्या वरची गाडी आहे अशांचा वेगळा गट करायला त्यांनी सुरुवात केली, निदान काही श्रीमंत घरं तरी यादीत यावीत. चांगलं पाऊल आहे. पण यादीत येणं वेगळं आणि आत घेणं वेगळं. मोठ्या सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटी इंटरकॉम लावतो, वरून उत्तर येतं मॅडम बिझी आहेत. आणि दुसऱ्या टोकाला त्याच महिन्यांत ऊसतोडीला गेलेल्या घराला कुलूप असतं, ते लोक दोनशे किलोमीटर लांब कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, राहत असतात. दोन्हीकडे दार बंद, आणि जे मधले भेटतात त्यांच्यावर देश मोजला जातो. मग गिनी खाली आला तर त्यात नवल काय? वरचा हिस्सा कळतो तो थोडाफार इन्कम टॅक्सच्या आकड्यांतून, आणि तिथेही दीडशे कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या देशात रिटर्न भरणारे आठ-नऊ कोटी, त्यातल्या बहुतेकांचा कर शून्य.

राज्याचं म्हणाल तर महाराष्ट्र दरडोई उत्पन्नात देशात वरच्या राज्यांमध्ये असतो, २०२३-२४ ला २ लाख ७८ हजारांच्या वर. पाच जणांच्या घराला तेरा-चौदा लाख! नंदुरबार, गडचिरोलीच्या पाड्यावर जाऊन हे वाचून दाखवा. मुंबईतल्या कंपन्यांचा नफा, जेएनपीटीवरची उलाढाल, सगळं त्या भागाकारात जातं आणि आमच्या ताईंच्या नावावरही २ लाख ७८ हजार पडतात.

२०२६ मध्ये पहिल्यांदाच देशभर घरगुती उत्पन्नाचा सर्व्हे घ्यायचं सरकारने ठरवलं. त्याआधी २०२५ च्या ऑगस्टमध्ये चाचणी घेतली तर ९५ टक्के लोकांनी सांगितलं की हे प्रश्न फार खासगी आहेत. पण मला वाटतं हा सर्व्हे व्हायलाच पाहिजे, कितीही अवघड असला तरी, पन्नास-साठ वर्षं तो टाळून काही मिळालेलं नाही. फक्त त्यात महिन्याचा आकडा मागू नका. सणावाराने विचारा, पंचमीला काय आलं, दिवाळीला काय आलं, कुठल्या महिन्यात काहीच आलं नाही. उचल वेगळी लिहा, ती कोणाकडून घेतली आणि किती फिटली ते लिहा. बाईचं वेगळं विचारा, तिच्या खात्यावर काय येतं आणि त्यातलं तिच्या हातात किती राहतं. ऊसतोडीला गेलेली घरं कारखान्याच्या कोपीवर जाऊन मोजा. आणि हे आकडे रेशन कार्डाला, स्कॉलरशिपला, कुठल्याही योजनेला जोडले जाणार नाहीत हे गावोगाव, ग्रामसभेत, मोठ्याने सांगा आणि ते पाळा. सोसायटीच्या अध्यक्षांनी गेट उघडायला लावावं, पंधरा मिनिटांचं काम आहे.

आणि जे निघेल ते छापा. २०१७-१८ चा खर्चाचा सर्व्हे पूर्ण झाला होता, वर्तमानपत्रात फुटलेल्या अहवालानुसार महागाई वजा जाता माणशी खर्च १,५०१ रुपयांवरून १,४४६ वर उतरलेला होता, आणि २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये दर्जा बरोबर नाही म्हणून तो बाजूला ठेवला. त्यामुळे २०११-१२ नंतर थेट २०२२-२३, मधली अकरा वर्षं, नोटबंदी, जीएसटी, कोविड, या सगळ्यात कोणाच्या घरात काय झालं त्याचा सरकारी खर्चाचा आकडाच नाही. त्या वर्षांत आमच्याकडे किती पोरांनी कॉलेज सोडलं त्याची यादी मात्र आमच्या ऑफिसात आहे, नावानिशी, आणि त्यातल्या बहुतेकांसमोर कारण म्हणून एकच लिहिलंय, घरची परिस्थिती.